चकवा लागला नव्हे, लावला

मी, अनसूया यज्ञेश्वर पागे, वय एकसष्ट, राहणार फ्रीगंज, उज्जैन, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. इतरांना हे वाक्य सहज लिहिता येते. मला त्यासाठी झगडावे लागले, म्हणून हकीकत नोंदवते.

यजमान वारल्यावर धाकटे दीर विष्णुपंत माझ्याकडे राहायला आले. मग किल्ल्या, चष्मा, देवातले निरांजन जागेवर सापडेनात. "वहिनी, तुम्हीच ठेवलंत," ते शांतपणे म्हणत. माझ्या माहेरी चकवा म्हणजे रानात वाट चुकवणारे भूत. माणूस रात्रभर त्याच शेताभोवती फिरतो. विष्णुपंतांनी ते भूत घरात आणले. "वहिनींना चकवा लागलाय," असे मोहल्लाभर सांगितले. शेजारणी म्हणू लागल्या, "बाई का दिमाग चल गया." मलाही ते पटले.

स्वातंत्र्य आले त्या वर्षी, यजमानांच्या श्राद्धाच्या दिवशी मी चूल पेटवली. विष्णुपंत म्हणाले, "श्राद्ध कालच झालं. तुम्हीच नाही का वाढलंत?" मी चुलीत पाणी ओतले. दुपारी थोरल्या नणंदबाई, अक्का, देवासहून आल्या.

"आज यज्ञेश्वराचं श्राद्ध, आणि चूल गार?"

"काल झालं ना, अक्का. भाऊजी म्हणाले. मला चकवा लागलाय."

अक्का विष्णुपंतांकडे बघत राहिल्या. "लागला नाही, अनसूये. लावलाय. ह्यानं."

त्या एका अक्षराने माझे डोके मला परत मिळाले. घर नावावर करून घ्यायचे होते, हे विष्णुपंतांनी कबूल केले. अक्कांनी रामघाटावरून गुरुजी आणवले, भावाला दंडाला धरून श्राद्धाच्या पाटावर बसवले. दुसऱ्या दिवशी ते इंदूरला निघून गेले. आता आमच्या घरात, दुसऱ्याने पाहिलेले त्याने पाहिलेच नाही म्हणणाऱ्याला नात्यातल्या मुलीसुद्धा बजावतात, "चकवा लावू नकोस."

एक. घर अक्कांची मुलगी अलका हिला. पुढच्या महिन्यात मध्य भारताचा मध्य प्रदेश होणार म्हणतात. राज्य कोणतेही असो, घर तिचेच.

दोन. तांब्याचे घंगाळ शेजारच्या माईंना. मला वेडी न म्हणणाऱ्या त्या एकट्याच. बाकीच्यांना काही नाही.

(इथे उठून कुलूप ओढून पाहिले. ती सवय जात नाही.)

तीन. विष्णुपंत गेल्या वर्षी परत आले. आता त्यांना खरोखरच आठवत नाही. जेवून उठतात आणि विचारतात, "वहिनी, मी जेवलो का?" मी काहीही सांगितले तरी ते मानतील. मोह होतो, लपवत नाही. तरी मागची खोली मरेपर्यंत त्यांची. विचारतील तितक्या वेळा अलकाने त्यांना खरे सांगावे. खात्री नसेल, तर आधी मोरीत जाऊन त्यांचे ताट बघून यावे. मी तसेच करते.

सही: अनसूया यज्ञेश्वर पागे

आमच्यासमोर वाचून सही केली:
मधुकर त्रिंबक टिल्लू, वैद्य
श्रीनाथ व्यास, शेजारी

उज्जैन, २२ ऑक्टोबर १९५६