बुगडीचं दूध

सोनई, ता. नेवासा
गुरुवार, ९ फेब्रुवारी २०२३

चि. दिशा हिला आबाचे पोटभर आशीर्वाद.

मी इकडे बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो लग्नाच्या मांडवातही कुरकुरत होता असं तुझी आजी सांगायची, तेव्हा त्याचं काही मनावर घेऊ नकोस. गहू ओंब्यांवर आलाय. कांदा यंदा हिरवागार आहे. तुझ्या आईनं दिलेलं स्वेटर मी रोज घालतो, एवढं सुकन्याला जरूर सांग, नाहीतर फोनवर ती पहिलं तेच विचारते.

पत्र बघून तुला हसू येईल. रोज फोन होतो, मग आबाला हे काय खूळ लागलं? पण तू "हॅलो आबा" म्हणालीस की सांगायचं ते घशातच बसतं, आणि मी "जेवलीस का" विचारून मोकळा होतो. कागद मध्येच काही विचारत नाही, हे बरं.

परवा ओसरी झाडताना दिवाळीच्या सुट्टीतले तुझे उद्योग आठवले. हळद लावलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाकून तो लाल केलास आणि "आबा, रक्त!" म्हणून अशी ओरडलीस की माझा चहा धोतरावर सांडला. मग माझ्या पानाच्या डबीतला चुना पळवलास. तो पाण्यात कालवून, गाळून निवळी केलीस आणि मला नळीनं फुंकायला बसवलंस. स्वच्छ पाणी फुंकता फुंकता दुधासारखं पांढरं झालं. गल्लीतली सगळी पोरं जमली, माझा दम लागला, तरी तू "अजून, आबा, अजून!" मग ते जखमेवर लावायचं तपकिरी औषध काढलंस. बटाट्यावर थेंब टाकला, निळंकाळं. भातावर टाकला, तसंच. "जिथं पीठ, तिथं निळं," हे तू मला मास्तरणीसारखं तीनतीनदा म्हणायला लावलंस. शेवटी आपल्या बुगडी गाईचं दूध उकळून, गार करून त्यात थेंब टाकलास. ते नुसतं पिवळसर झालं. तू गोठ्यात पळत गेलीस, तिच्या गळ्यात हात टाकलेस आणि म्हणालीस, "बुगडी पास!" तिनं तुझ्या फ्रॉकची बाही चघळली.

आजी गेल्यावर मी इतका कधी हसलो नव्हतो.

आता गेल्या रविवारचं. ते लिहायलाच बसलोय, आणि उगाच गव्हाकांद्यात रमलो. सावेडीला तुमच्या घरी तुझ्या मैत्रिणी जमल्या होत्या. टेबलावर वाट्या मांडल्या होत्यास. मी आणलेलं किटलीतलं दूध तुझ्या आईनं तापवून गार करून दिलं. सगळं निळं करून दाखवल्यावर तू ऐटीत म्हणालीस, "आता बघा. हे आमच्या बुगडीचं दूध. हे निळं होणारच नाही."

आणि ते झालं. मोनिका खिदळली, "दिशा, तुझे आबा दुधात पीठ घालतात!"

तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही, तू नुसती विचारत होतीस. आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आगं, तुझं औषधच नासलं आसंल. हात तरी धुतलं हुतं का न्हाई? पोरखेळ हाय नुसता." वाट्या उचलून मोरीत नेल्यास. मी चपला घातल्या तेव्हा नेहमीसारखी जिन्यापर्यंत आली नाहीस.

मंगळवारी तुझी आई बोलता बोलता म्हणाली, की तू ती बाटली कचऱ्यात टाकलीस. बाईंनी विज्ञान दिनाला नाव द्यायला सांगितलं, तर तू "मला नीट येत नाही" म्हणालीस. ती सहज बोलली.

तुझं औषध नासलं नव्हतं. तुझे हात स्वच्छ होते. दूध बुगडीचं नव्हतं.

लिहिलं एकदाचं. इथून पुढं आईला शेजारी बसवून वाच, तिलाही यातलं काही ठाऊक नाही.

बुगडी गेली, बाळ. दिवाळीनंतर तुम्ही परत गेलात आणि तिच्या अंगावर गाठी उठल्या. लम्पीची साथ होती, आपल्या गावात बऱ्याच गोठ्यांवर आली. डॉक्टर यायचे, सुया झाल्या, मी रात्रंदिवस लिंबाच्या पाल्याचा धूर केला. फोनवर मी तुला "बुगडी मजेत रवंथ करतेय" असं सांगत होतो, तेव्हा ती उठत नव्हती. एका सकाळी कोमट पाणी घेऊन गेलो, तर ती ते प्यायला राहिली नव्हती.

शेजारच्या बजरंगनं जेसीबी आणून बांधाकडेला खोल खड्डा केला. साथीचं जनावर असलं की वरून चुना आणि मीठ टाकावं लागतं. चुन्याची गोणी मीच ओतली. ओतताना तुझी निवळी आठवली, आणि मी तिथंच मोठमोठ्यानं रडलो. बजरंग म्हणाला, "आबा, रडू नगा. दुसरी घिऊ की." तो चांगल्यासाठीच म्हणाला. पण ही कालवड असताना हिची आई मेली होती, आणि तुझ्या आजीनं बाटलीनं दूध पाजून हिला वाढवली होती. कानावरचा पांढरा ठिपका बघून बुगडी हे नाव तिनंच, माझ्या मनकर्णानं ठेवलं. मनकर्णा गेल्यावर या घरात मी हाक मारली की मान वळवणारं एवढं एकच कोणी उरलं होतं.

मग मी का लपवलं? तू लहान, तुला वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच.

आमच्यात बाप लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जात नाही, आणि उगाच तर जातच नाही. माझे वडील माझ्या बहिणीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. हातात किटली होती म्हणून मी दर रविवारी एसटीत बसायचो. दार तुझ्या वडिलांनी, भागवतरावांनी उघडलं तर म्हणायला होतं, "पोरीला दूध आणलंय." किटलीच नसली तर काय सांगून यायचं? तुझे वडील मला कधी वावगं बोलले नाहीत, हे माझ्याच डोक्यातलं आहे. पण तो एक रविवार सोडला तर माझ्या आठवड्यात दुसरं काही नाही, दिशा. तो जाईल याची मला भीती वाटली. म्हणून एसटी स्टँडजवळ मिळणारं सुटं दूध किटलीत ओतून आणत राहिलो. तू ओठांवर दुधाची मिशी घेऊन "बुगडीचं दूध गोडच" म्हणायचीस, आणि मी मान हलवायचो. त्यात पीठ असेल हे मला कळलं नाही. तुला ते पाजलं याची फार लाज वाटते.

काल मेडिकलमधून तसलीच बाटली आणली. तेच दूध पुन्हा घेतलं, तू शिकवलंस तसं उकळलं, गार केलं, थेंब टाकला. निळं झालं. ओसरीवर एकट्यानंच म्हणालो, "जिथं पीठ, तिथं निळं."

तू विज्ञान दिनाला नाव दे. आणि मोनिकाला सांग, प्रयोग खरा होता, आबा खोटे होते.

पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून हा रविवार मी सोडतो. पुढच्या रविवारी नेहमीच्या एसटीनं येईन म्हणतो. किटली घासून फळीवर पालथी ठेवली आहे. दारात उभा राहीन तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीच कारण नसेल, नुसता तुला भेटायला आलेला असेन. चालेल का, ते तू कळव. तू नको म्हणालीस तर आईला मध्ये घालणार नाही.

रिकाम्या हातांचा,
तुझा
आबा