उजवा डोळा शाबूत असताना

मी, जयश्री दिगंबर पागनीस, वय एकसष्ट, राहणार फ्रीगंज, उज्जैन, डोकं पूर्ण आणि उजवा डोळा बराचसा ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाला न जुमानता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. दबाव धाकटे दीर तात्या आणतात.

मला एचआयव्ही आहे. यजमान गेले तेव्हा कळलं. गोळ्यांवर मी वर्षानुवर्षं ठणठणीत होते. मग तात्या म्हणाले, लोक चातुर्मासात वांगं सोडतात, तुम्ही गोळ्या सोडा. सोडल्या. चातुर्मास संपला तरी नेम चालूच राहिला. पुढे डाव्या डोळ्यासमोर काळे डास नाचू लागले. डास मारायची बॅट घेऊन मी घरभर फिरले, एक मेला तर शपथ. तात्यांनी त्रिफळ्याचं पाणी दिलं. शेवटी पुतणी केतकीने, म्हणजे तात्यांच्याच मुलीने, मला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. प्रतिकारशक्ती घटली, म्हणून आतल्या पडद्याला संसर्ग झाला, असं ते म्हणाले. डावा गेला तो गेलाच. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, म्हणून उजवा वाचला. आता त्याचाही पडदा सुटू लागलाय. सोमवारी इंदूरला ऑपरेशन आहे.

सबब,

१. राहतं घर केतकीला. तात्यांना तिथे सिंहस्थासाठी लॉज काढायचा आहे. परवा कागद घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, आँखों पे ज़ोर मत दो. मी वाचून दाखवतो, तुम्ही फक्त सही करा." ऑपरेशन फसलं तर माझा अंगठा कुठे टेकवला जाईल याचा भरवसा नाही. म्हणून हे आजच.

२. बॅट तात्यांना, चार्जरसकट. त्यांनी माझ्यासाठी वेगळी ठेवलेली कपबशीही त्यांनाच.

३. भैरवगढ छापाच्या चादरी, मला एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या एआरटी सेंटरच्या नर्स प्राजक्ताला. गोळ्या सोडल्या म्हणून तिने मला भरपूर झापलं. अजूनही दर वेळी डोळ्यांचं आधी विचारते.

४. नेत्रदानाची हौस होती, पण एचआयव्ही असला की डोळे घेत नाहीत. आमच्या महिला मंडळात कोणी विचारलं तर केतकीने खरं कारण सांगावं. लाजायचं काही नाही.

५. मरणाची मला भीती नाही. सोमवारची आहे. केतकीचं तोंड दिसलं पाहिजे, बस.

ठिकाण: उज्जैन
दिनांक: १४ मार्च २०२६
सही: जयश्री दि. पागनीस

साक्षीदार: प्रभाकर देवस्थळी (शेजारी), डॉ. सायली गोरे (घरच्या डॉक्टर)

साक्षीदारांचा शेरा: वरील मजकूर जयूताईंनी आमच्यासमोर, स्वतःच्या डोळ्याने, मोठ्याने वाचला. तात्या हजर होते. त्यांच्या विनंतीवरून पहिलं कलम पुन्हा वाचण्यात आलं.