साबणाने पुसलेली पेटी

धाकटे,
थोरलीचा आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, गुडघे सोडून. तुझा खोकला गेला का?

नातीच्या कामाच्या खोलीत, काचेच्या पेटीत डोंगरातल्या बेडकांची जोडी होती. तीन वर्षं जंगल पालथं घालूनही तिला तसला तिसरा दिसला नाही. पेटी चिकट वाटली म्हणून मी आतून साबणाने लख्ख पुसली. बेडूक कातडीनेच पाणी पितात, हे मला अडाणीला काय ठाऊक! दुपारपर्यंत मादी मेली.

पोरीने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजी, तू जेव," एवढंच म्हणाली.

मूर्ख नर अजून हाका मारतो, मग गप्प राहून वाट बघतो. मी लसूण सोलत ऐकते.

आता मला कुणी फडकंही हातात देत नाही. न्यायला तुझ्या लेकाला पाठव. तुझी भांडी घासेन. ती तरी मरत नाहीत.

तुझी थोरली