शांतम्मासह उडण्यासाठी बसवलेले इंजिन व इतर मालमत्ता

मी, मन्मथ शिवशंकर बिराजदार, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त पशुवैद्यक, राहणार अर्धापूर, जिल्हा नांदेड, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पत्नी शांतम्मा हिला मी वीजबिलाची तक्रार लिहीत असल्याचे सांगितले आहे. तेवढे एक खोटे वगळता पुढील सर्व मजकूर खरा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक शांतम्माची. घर तसेही तिच्याच हुकमाने चालते. कागद मागाहून होत आहे, इतकेच.

२. शेत मुलगी सुकन्या हिला. ती लातूरला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. शेतातील मुरमाची धावपट्टी मात्र शांतम्मा आहे तोवर नांगरू नये. पट्टीच्या टोकाला माझे मेहुणे शेषेराव यांची केळीची बाग आहे. त्या बागेचे व माझे जुने प्रकरण आहे, ते येथे नोंदवतो.

नोकरीतून मोकळा झाल्यावर मी शेडमध्ये दोन आसनांचे विमान बांधले. सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांवर कापड. रीतसर परवानगी मिळाली आणि मी एकटा असलो की ते झकास उडे. मग शांतम्माला शेजारी बसवले. विमान धावले, धावले, आणि जमीन न सोडता थेट केळीत घुसले. इजा कोणाला झाली नाही. तोंडावरचे पान बाजूला सारत तिने विचारले, "इंजिन बारीक हाय, का मी जाड हाय?"

मी तत्काळ म्हणालो, "इंजिन."

माझी बुद्धी शाबूत असल्याचा याहून मोठा पुरावा न्यायालयास लागू नये.

३. ते जुने इंजिन सुकन्याच्या कॉलेजला, विद्यार्थ्यांना खोलून पाहण्यासाठी द्यावे. त्याच्या जागी मी हैदराबादहून जास्त ताकदीचे इंजिन आणले व हौसेने घाईघाईत बसवले. ते वजनालाही जास्त होते. विमानाचे नाक खाली गेले. शेषेराव कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "दाजी, हे तर हौदावर पाणी पिऊन राहिलं."

सुकन्या लातूरहून आली. तिने पुढचे-मागचे वजन तोलून पाहिले आणि चावी स्वतःच्या पर्समध्ये टाकली. "अप्पा, उतरताना याचं नाक वर येणार न्हाई. अम्मा यात बसणार न्हाई, आन् तुम्हीबी न्हाई."

मी रुसलो. ती मात्र दर रविवारी येत राहिली. आम्ही बापलेकीने इंजिनाची बैठक नव्याने करून ते मागे सरकवले, बॅटरी शेपटीकडे नेली, इंजिन तापू नये म्हणून पुढच्या झाकणाला वाऱ्यासाठी मोठी तोंडे ठेवली. तरी चावी मिळाली ती एका अटीवर: आधी मी एकट्याने, शांतम्माच्या जागी तिच्या वजनाइतकी वाळूची पोती बांधून उडायचे. शांतम्मा पोती बघायला आली. "अय्यो, एवढी? एक काढा." तिने स्वतःच एक पोते उतरवले. ती घरात गेल्यावर सुकन्याने ते परत ठेवले.

वाळू सुखरूप फिरून आली. मग शांतम्मा पदर खोचून बसली. या खेपेला पट्टी अर्धी राहिली असतानाच चाके सुटली आणि केळीची बाग खाली खाली गेली. लांबवर गोदावरी दिसू लागली. इतकी वर्षे बाळगलेली हौस पुरी झाली म्हणून माझे डोळे भरले. तेवढ्यात कानावरच्या हेडफोनमधून शांतम्माचा आवाज आला, "हात काढा. मला बी चालवू द्या."

त्यानंतर "लेकीकडं राहून येते" म्हणून ती लातूरला वारंवार जाऊ लागली. साठी ओलांडलेली ही बाई तिकडे विमान चालवायला शिकत होती, हे मला तिने परवाना दाखवला तेव्हा कळले.

पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी माझे हृदय तपासून विमान चालवण्यास मनाई केली. मी शेडला कुलूप लावले आणि तिकडे जाणेच सोडले. चहा प्यायलाही उठेना. शांतम्माने माझ्या हातून किल्ली घेतली. "उठा. शेजारी बसायला धडधाकट काळीज लागत न्हाई. गप बसावं लागतं, तेवढं जमवा."

ते अजून जमलेले नाही. परंतु दर आठवड्याला उडतो.

४. सबब विमान, नव्या इंजिनासह, शांतम्माचे. हत्यारे सुकन्याची. विमान पेट्रोल पंपाच्या छपरावर शोभेला चढवावे, ही शेषेरावांची सूचना नामंजूर.

५. शेषेरावांना काहीही दिलेले नाही. यात राग नाही. काही न मिळणारा साक्षीदार बरा असतो आणि ते जवळच राहतात. सही करताना त्यांनी मजकूर वाचू नये, ही विनंती.

६. आमच्या लिंगायत समाजाच्या रीतीप्रमाणे मला शेतातच समाधी द्यावी. धावपट्टी सोडून.

७. शांतम्मा माझ्यापेक्षा चांगले विमान उतरवते. चाके टेकली हे मला खिडकीबाहेर पाहिल्यावरच कळते. हे कलम माझ्या हयातीत तिच्या कानावर जाऊ नये.

ठिकाण: अर्धापूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

मन्मथ शिवशंकर बिराजदार (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमक्ष वरील सही झाली:

१. डॉ. नरसिंग मारोती कांबळे (सही). लिहून देणार यांना मी तपासले असून ते पूर्ण भानावर आहेत.

२. शेषेराव व्यंकटराव पाटील (सही). मजकूर वाचला नाही. अक्काला सांगणार नाही.