तुहीनच्या नावाचा हापसा

चर शालिखा,
चैत्राचा शेवटचा आठवडा, बंगाली सन १४०२

प्रिय आलेयाबुबू,

सलाम. तुझं पत्र लाँचवरच्या मोतीनं आणून दिलं. साडी आपल्या आम्माला आवडली, पण ती नेसणार नाही हे तुलाही ठाऊक आहे. तिनं ती पेटीत ठेवली आणि पेटीवरच बसून पान खाल्लं. आम्ही ठीक आहोत. लाल गाय आटली. आंबे यंदा सुपारीएवढे झाले आणि गळून पडले. माझा नवरा अजून वाळूच्या होडीवरच आहे; घरी येतो तेव्हा त्याच्या डोक्यातून निघालेल्या वाळूत एखादा ओटा बांधून होईल. तुमच्या कारखान्यात पंखे लावले का, की अजून वारा फक्त मुकादमालाच?

इथे गावात पोटाचा थोडा त्रास झाला. दर चैत्रात होतो तसा. आता कमी आहे.

एवढं लिहून मी उठले, कोंबड्यांना दाणे टाकले, परत येऊन वाचलं. बुबू, मी दारोदार फिरून बायकांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवते आणि त्याचा पगार घेते. मी तरी असं लिहू नये. पटकी होती. आपल्या पाड्यात घराआड घर आडवं झालं. तांदळाच्या धुवणासारखं जायला लागतं, मग डोळे आत जातात, आवाज बसतो. तुला काय सांगू, तू ते मांडीवर घेऊन पाहिलं आहेस. बहुतेकांना हॉस्पिटलच्या होडीनं वेळेवर नेलं आणि ते वाचले. कासेम मांझी नाही वाचला. आणि हासनाची शेफाली गेली. सात वर्षांची होती. तुला आठवते ती रांगणारी असेल.

तू दर पत्रात विचारतेस तेच याही वेळी विचारलंस, की तुहीनच्या हापशावर माणसं येतात ना, पाणी पितात ना? त्याचं उत्तर द्यायचं म्हणूनच हे पत्र लांबणार आहे. जरा बसून वाच.

पुराच्या साली तुझा तुहीन पटकीनं गेला तेव्हा इमामसाहेब तुला म्हणाले होते, पोराच्या नावानं पाणी दे, कुणीही घोट घेतला की त्याचं पुण्य पोराला पोचतं. तू ढाक्याला जाऊन शर्टांच्या बाह्या शिवल्यास आणि इथे हापसा उभा केलास. मिस्त्रीनं ओल्या सिमेंटात त्याचं नाव लिहिलं, त्या दिवसापासून आम्मा त्या हापशाची होऊन गेली. ओटा घासायची, पोरं दांड्याला लोंबकळली तर ओरडायची, आणि कुणी पाणी प्यायलं की मान वर करून बघायची. एकदा मी म्हटलं, "आम्मा, लोकांच्या नरड्याकडे काय बघतेस?" तर म्हणाली, "पोचतंय का बघते."

चैत्रात पाणी खोल जातं आणि हापसा कोरडा खटखटतो, हे तू विसरली नसशील. वरून तांब्याभर पाणी ओतलं की मग तो ओढ घेतो. गावात सगळेच तसं करतात. आम्मानं त्यासाठी तुपाचा एक रिकामा डबा ठेवला होता. आपल्या नातवाच्या दारात कुणाला ताटकळायला लागू नये म्हणून ती बांगेआधी उठून तो भरून ठेवायची. आपल्याच तळ्याच्या घाटावरून.

फाल्गुनात माझ्या नवऱ्याचा मामा बारिसालहून आला, तो लाँचमध्येच आजारी पडला होता. दोन दिवस राहिला, बरा होऊन गेला. त्याच्या गोधड्या-लुंग्या आपल्या घाटावर धुतल्या, जशा सगळ्यांच्याच धुतात. पुढचं तुला मी न सांगता कळेल. आम्हाला मात्र कळलं नाही. उलट मीच घरोघर सांगत फिरले, की तळ्याचं पिऊ नका, नदीचं पिऊ नका, तुहीनच्या हापशाचं प्या. गावानं माझं ऐकलं, बुबू. पहिल्यांदाच ऐकलं.

मग हॉस्पिटलातून मोनसूर डॉक्टर आले. किडकिडीत माणूस, चिखलात बूट अडकले तर बुटालाच सॉरी म्हणेल असा. दारोदार जाऊन तो एकच विचारायचा, आधी कोण पडलं, पाणी कुठलं प्यायलात. गावचे म्होरके सोबहान मातबर म्हणाले, "मत न मागता घरी येणारा हा पहिलाच साहेब." त्यानं गावाचा नकाशा काढला आणि आजारी घरांवर खुणा केल्या. फणस कापला की माश्या बसतात तशा त्या खुणा हापशाभोवती बसल्या होत्या. पलीकडचा जेल्यांचा पाडा मोकळा होता. ते मासेमार नदीचंच पाणी तुरटी फिरवून पितात, त्यांच्यातलं एकही माणूस पडलं नाही.

मी म्हटलं, "साहेब, हे पाणी जमिनीच्या पोटातलं आहे. ते कसं खराब होईल?"

"तेच मला कळत नाहीये," तो म्हणाला. "बराच वेळ हापसून मग तपासायला पाणी घेतलं, ते चांगलं निघालं."

तेवढ्यात आम्मा आली. पाहुण्याला पाणी द्यायचं म्हणून तिनं डबा उचलला, हापशाच्या डोक्यात ओतला आणि दांडा मारला. डॉक्टरचा चेहरा मी पाहिला, बुबू. त्यानं हळूच विचारलं, "चाची, हे डब्यातलं पाणी कुठलं?"

"आमच्या घाटाचं, बाबा," आम्मा म्हणाली, आणि काय अभिमानानं म्हणाली! "पहाटे उठून मीच भरते. थांबावं नाही लागत कुणाला."

त्यानं पेला हातात घेतला आणि तिची पाठ वळल्यावर गवतात ओतला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "हापसा निर्दोष आहे. डबा काढा. हापशाचंच पाणी उकळून झाकून ठेवा आणि तेच वरून घाला. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही."

मी डबा लपवला आणि हरवला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्मानं घरातली कळशी भरून ठेवली. तेव्हा मला म्हणावंच लागलं, "आम्मा, हॉस्पिटलवाले म्हणतात, घाटाचं पाणी नको घालू." "का?" तिनं विचारलं. मी तोंड फिरवून चूल फुंकत बसले. चुलीत विस्तवच नव्हता. तिनं चुलीकडे पाहिलं, मग कळशी उचलून घरात आली.

त्यानंतर काही दिवस ती हापशाकडे गेली नाही. माझ्याशी त्याबद्दल बोललीही नाही. मला वाटलं, बरं झालं, झाकली मूठ.

पण गावाला कारण हवं होतं. कुणी म्हणालं पटकी आणणाऱ्या ओलाबिबीचा कोप. कुणी म्हणालं, ज्या पोराला पटकीनं नेलं त्याच्या नावाचं पाणी, त्यातून दुसरं काय येणार? मग ते बोलणं सुरू झालं, जे मी तुला सांगणार नव्हते. तुहीन एकटा आहे आणि खेळगडी गोळा करतोय, असं बायका म्हणायला लागल्या. तिन्हीसांजेला हापसा आपोआप खटखटतो म्हणे. आया पोरांचे कान झाकून त्या वाटेनं जायच्या. मी, दहावी पास, पगारी बाई, एका संध्याकाळी मीसुद्धा लांबच्या वाटेनं घरी आले. मला माझ्या भाच्याची भीती वाटली, बुबू.

जुम्याच्या नमाजानंतर मशिदीपुढे गाव बसलं. मातबर म्हणाले, हापसा उपटून नदीत टाकू. आम्ही बायका कुडाआड होतो. मला सगळं ठाऊक होतं आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं. हापसा वाचवायचा तर आम्माचं नाव घ्यायचं, आणि आम्माला वाचवायचं तर तुहीनला भूत होऊ द्यायचं. मी मनाशी ठरवलं होतं, मेलेल्याला काय लागतं? जिवंत आहे ती सांभाळावी. चुकले असेन तर तू सांग.

तेवढ्यात हासना ओरडली, "उपटा! माझ्या पोरीला त्यानंच नेलं, त्या तुहीननं!"

आम्मा उठली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि कुडाआडून सरळ पुरुषांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"माझा नातू कुणाला नेत नाही," ती म्हणाली. "पाच वर्षांचं पोर ते, त्याला स्वतःची नाडी बांधता येत नव्हती. डब्यातलं पाणी वाईट होतं. डबा मी भरत होते. काय उपटायचं ते मला उपटा."

मातबरांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चाची, तुम्हाला कुठं माहीत होतं?" शिवी दिली असती तर बरं झालं असतं. हासना उठून घरी गेली. ती अजून आमच्याशी बोलत नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, बुबू: हापसा आहे. सिमेंटातलं नाव आहे. झाकणाच्या हंड्यात उकळलेलं पाणी असतं, ते मी सांभाळते. माणसं येतात, पितात, आणि कुणी आजारी पडत नाही. तिन्हीसांजेलाही येतात. फक्त आम्मा जवळ गेली की बायका गोड आवाजात म्हणतात, "राहू दे चाची, आम्ही घेतो," आणि घागर अंगाशी ओढतात.

काल तांदूळ पाखडताना ती म्हणाली, "प्रत्येक घोट पोचतो म्हणाले होते ना इमामसाहेब? मग शेफालीचाही पोचला असेल. काय पोचलं गं त्याच्याकडे?"

मी इमामसाहेबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, अल्ला नियत बघतो. मी धावत येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "अल्लाचं मी बघून घेईन. पोराच्या आईचं काय?"

आता जे खरं सांगायचं ते सांगते. जुम्यापासून आम्मा हापशाचं पाणी पीत नाही. म्हणते, ते आलेयाच्या पोराचं पाणी आहे, तिनं 'पी' म्हटल्याशिवाय मला त्यावर हक्क नाही. ती घाटावर जाऊन ओंजळीनं तळ्याचं पिते. हो, त्याच तळ्याचं. मी तिच्या मडक्यातलं पाणी चोरून उकळून ठेवलं, तर तिनं बोट घालून पाहिलं आणि ओतून दिलं. रागावले, रडले, पायावर डोकं ठेवलं. मीठ-गूळ उशाशी तयार ठेवून असते. रोज सकाळी आधी तिचे डोळे बघते, आत गेलेत का.

तू एक ओळ लिही. "आम्मा, पाणी पी." मोतीला दे, लाँच बुधवारी सुटते. तिला वाचता येत नाही, पण मी पत्र वाचताना मनचं घातलं की तिला लगेच कळतं, तुझ्या नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळीही कळलं होतं. म्हणून मला ती ओळ बनवता येत नाही. ती तुझीच हवी, आणि मनापासून हवी.

आणि मनातून येत नसेल तर, बुबू, मी तुला दोष देणार नाही. पण मग पत्र पाठवू नकोस. तू स्वतः ये आणि तिच्यासमोर बसून हापशाचं पाणी पी. तेवढ्यानंही चालेल.

ती आत्ता घाटाकडे निघाली आहे. मी मागोमाग जाते.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझी धाकटी बहीण मोमेना