नंदुरबारहून आलेली चौकशी

शहादा,
रविवार, दुकान बंद

तीर्थस्वरूप भुआसा,

तुमच्या पायी नमनचा धोक आणि मोठ्याने जय जिनेंद्र. पाठ कशी आहे, गुडघ्याला लावायचं तेल सापडलं का (शेवटचं ऐकलं तेव्हा ते फ्रिजमध्ये होतं) आणि धरणगावात पाणी रोज येतं का, हे आधीच विचारून घेतो, कारण पुढे राहून जाईल. इकडे सगळे खुशाल. बाबूजींची साखर आटोक्यात आहे, राग नाही. घरी आपण मारवाडीत बोलतो, पण कागद समोर आला की मला शाळेतली मराठीच सुचते (आत्या मात्र म्हणवत नाही, भुआसाच), आणि तुम्हीही मराठी शाळेतच गेलात, तेव्हा चालवून घ्या. फोन का नाही केला, असं विचाराल. केला होता. तुम्ही उचलल्या उचलल्या लिंबाच्या लोणच्यावर गेलात, तिथून मी बर्फाच्या कारखान्यावर गेलो (कसा ते आठवत नाही), आणि ठेवल्यावर लक्षात आलं की दोघांनाही जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. पत्रात हा एक फायदा आहे, तुम्हाला मध्ये बोलता येत नाही.

तर मुद्द्याचं सांगतो. मागच्या महिन्यात तुम्हाला नंदुरबारहून एका बाईंचा फोन आला होता, माझी चौकशी करायला. भुआसा, ते स्थळ नव्हतं. त्या डॉक्टर होत्या.

आता पाणी प्या आणि मग पुढे वाचा. मला काही झालेलं नाही. म्हणजे झालेलं आहे की नाही तेच ठरवायचं चाललं आहे, आणि ते ठरणं तुमच्यावर अडलं आहे.

पहिल्यापासून सांगतो (मला ती सवय नाही, तरी प्रयत्न करतो). दुकानात भांड्यांवर नावं टाकायचं यंत्र माझ्या हाती असतं हे तुम्ही जाणताच. जगात हे एकच काम असं आहे की ते करताना मला भूक, तहान, बाबूजी, काही म्हणता काही आठवत नाही. या लग्नसराईत दोन कामं एकदम आली. एक, इंद्रसिंगभाऊंनी भाचीच्या लग्नात आहेर म्हणून द्यायचे हंडे. दुसरं, एका घरी तेराव्याला वाटायच्या ताटल्या. दोन्ही मजकूर दोन चिठ्ठ्यांवर समोर ठेवले होते. इंद्रसिंगभाऊंचं नाव घातलं आणि तेवढ्यात रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. तिचं मागचं चाक काही वेगळंच वाजत होतं, म्हणून बघायला गेलो, ट्रॉलीवाल्याशी बोललो, येताना रस प्यालो, आणि परत बसून पुढचा मजकूर दुसऱ्या चिठ्ठीवरून घेतला. सगळ्या हंड्यांवर झकास अक्षरात उमटलं, इंद्रसिंगभाऊ यांच्या पुण्यस्मरणार्थ. अक्षर इतकं देखणं आलं होतं की मी फोटोसुद्धा काढला. मांडवात लोकांनी आधी हंडे वाचले आणि मग इंद्रसिंगभाऊंना शोधायला लागले. काही बायांनी डोळ्याला पदर लावला म्हणे. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात आले, गल्ल्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "शेटजी, माले नीट देखा. मी जित्ता शे ना?" बाबूजींनी हात जोडले, नवे हंडे देऊ केले. ते त्यांनी घेतले, पण जुने काही परत करेनात. "ऱ्हाऊ द्या शेटजी," म्हणाले, "कधी ना कधी काममा येतीनच."

बाबूजी त्यांच्यासमोर हसले, आणि ते जाताच यंत्र कपाटात ठेवून कुलूप लावलं. तुम्हाला ठाऊक आहे, ते बोलतात तेव्हा बरं असतं. मला मागे कुकरची खोकी पुसायला बसवलं, आणि पस्तिशीला आलेला तुमचा भाचा त्या खोक्यांच्या आड बसून रडला. हे तुम्हालाच सांगतो आहे, बाजारात सांगू नका.

तिथे मला शेजारच्या इरफानने पाहिलं. (कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतो तो. लहानपणी पतंग धरायला आपल्या गच्चीवर चढला म्हणून तुम्ही लाटणं घेऊन मागे धावला होतात, तोच.) त्याने समजूत घातली नाही, मोबाइल पुढे केला. त्यात एक डॉक्टर मराठीत सांगत होते की काही मोठ्या माणसांचं लक्ष सांगितलेल्या जागी बसत नाही, स्वतःला आवडेल तिथे बसतं आणि मग उठत नाही. वस्तू हरवतात, कामं अर्धी राहतात, बाहेरून माणूस बसलेला दिसतो आणि आत सतत कुणीतरी पळत असतं. हे लहानपणापासून असतं, याला एडीएचडी म्हणतात, आणि यावर मदत मिळते. "नमन," इरफान म्हणाला, "हाई ते तुन्हीच गोट शे!" मी तो व्हिडिओ पूर्ण पाहिला, म्हणजे तुकड्या-तुकड्याने का होईना.

मग नंदुरबारच्या डॉक्टर गायत्री मॅडमची वेळ घेतली आणि एकटाच निघालो. ही चूक झाली. वाटेत प्रकाशा गावाजवळ पूल लागतो, खाली तापीवर एक माणूस नाव उलटी घालून तिच्या फटी बुजवत होता. मी नुसतं बघावं म्हणून थांबलो. पुढे त्याला डांबर गरम करून द्यायला कुणीतरी हवंच होतं. घरी आलो तेव्हा हात काळे होते आणि डॉक्टरांची वेळ कधीच टळून गेली होती. दुसऱ्या खेपेला इरफान मला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेला आणि पुलावर डोळे मिटायला लावले. मॅडमची माफी मागायला लागलो तर त्या म्हणाल्या, या तक्रारीचा पेशंट पहिल्या दिवशी वेळेवर आला की मलाच शंका येते. भुआसा, कुणी आपली चूक ऐकून खुर्ची पुढे सरकवावी, हे माझ्या बाबतीत तुमच्यानंतर पहिल्यांदाच घडलं.

त्यांनी खूप विचारलं. झोप, राग, व्यसन (चहा सोडून नाही), थायरॉईडसाठी रक्तही काढायला लावलं. शाळेची प्रगतिपुस्तकं आहेत का म्हणाल्या. मी म्हटलं हरवली, तर ते त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, लहानपणी तुम्हाला रोज पाहिलेलं कुणी हवं, त्याशिवाय मी नाव देणार नाही. आई तर मी चालायला लागलो तेव्हाच गेली, आणि तेव्हापासून शाळा संपेपर्यंत तुम्हीच सासरहून येऊन मला सांभाळलंत. बाबूजींना डॉक्टरांचं न सांगता विचारलं तर ते म्हणाले, मी दुकानात होतो, नोजीला विचार. म्हणून तुमचा नंबर दिला. डॉक्टर म्हणून सांगू नका, घाबरतील, असं मीच मॅडमना म्हटलं, आणि तुम्हाला आधी फोन करून सगळं समजावून ठेवण्याचं मीच कबूल केलं, आणि विसरलो. (हेही त्यांनी लिहून घेतलं.)

आता त्या दिवशी तुमच्या कानावर काय आलं ते मी समजू शकतो. एक गोड आवाजाची बाई, नंदुरबारहून बोलते, आणि नमन लहानपणी कसा होता असं विचारते. शहाद्यासारख्या गावी द्यायला आजकाल कुणी मुलगी दाखवत नाही, सगळ्यांना पुणं पाहिजे. दोन दिवाळ्या कोरड्या गेल्यानंतर आलेली पहिली चौकशी! तुम्ही जे केलंत ते आपल्यातल्या कुठल्याही भुआने केलं असतं. मुलगा एका जागी बसायचा का, तर म्हणे बसवला की उठवावा लागायचा, सामायिकाच्या ध्यानात तर मूर्ती. वस्तू हरवायचा का, तर उलट गल्लीच्या हरवलेल्या वस्तू शोधून द्यायचा. मध्ये मध्ये बोलायचा का, तर घरात आहे की नाही हेच कळत नसे. (हे एवढं खरं आहे, कारण मी घरात नसायचोच.) आणि मग तुम्ही त्यांना गोत्र विचारलंत, उंची विचारलीत, आणि रात्रीचं जेवता का, हेही विचारलंत. मॅडम म्हणाल्या, मी उत्तरं दिली, न देण्याची सोय नव्हती.

तेवढ्यावर थांबतात त्या भुआसा कसल्या! तुम्ही लगेच बाबूजींना कळवलंत, नंदुरबारची पार्टी आहे, मुलगी स्वतः बोलते, प्रश्न मुद्द्याचे विचारते. आठवडाभर माझ्या खिचडीवर तूप पडलं. बाबूजींनी दुकानाची पाटी रंगवायला काढली आणि मला नवा सदरा घेतला. मग मी त्यांना सांगितलं, मुलगी कोण आहे आणि कशाची डॉक्टर आहे. तूप बंद झालं. पाटी अर्धी रंगलेली तशीच आहे, आणि हे अर्धवट काम या एका वेळी माझं नाही.

मॅडमनी मला तुमची सगळी उत्तरं वाचून दाखवली. मी पोट धरून हसलो. पण परतताना इरफानच्या मागे बसून मला रडू आलं, कारण तुम्ही सांगितलेला तो मुलगा जर खरा असेल, तर पुढे मी जो झालो तो निव्वळ माझ्या बेपर्वाईने. मग बाबूजी म्हणतात तेच खरं, मास्तर म्हणायचे तेच खरं. तुम्ही माझी इज्जत राखलीत, भुआसा, पण मला तिथे राहायला जागा ठेवली नाहीत. मला औषध मिळो न मिळो, ते मॅडम बघतील. मला एवढंच कळायला हवं आहे की मी आळशी होतो का दुसरं काही होतं. मॅडम म्हणाल्या, आत्याबाईंनाच घेऊन या. इतकं बरोबर उलटं सांगायला माणसाला सुलटं पक्कं माहीत असावं लागतं, हेही त्यांचंच म्हणणं.

तेव्हा या, आणि सांगा. सामायिकाला बसलात की माझ्या सदऱ्याचं टोक तुम्ही गुडघ्याखाली दाबून धरायचात, वेळ पुरी होईपर्यंत मी पळू नये म्हणून, ते सांगा. मी बाबूजींचा डबा घेऊन निघालो आणि उसाच्या गाडीमागे थेट पुरुषोत्तमनगरच्या कारखान्यापर्यंत गेलो, तुम्ही मला तिथून हाताला धरून आणलंत आणि घरी म्हणालात की पोरगा मंदिरात होता, ते सांगा. एका पायात चप्पल घालून शाळेतून येणारा मुलगा सांगा. संवत्सरीला तुम्ही बाबूजींसमोर हात जोडून माफीचं मिच्छामि दुक्कडम् म्हणायचात तेव्हा त्यांना ती रीत वाटायची. मला ठाऊक आहे त्यात वर्षभराच्या माझ्या किती गोष्टी होत्या. यातली एकही लाजेची नाही, असं मॅडम म्हणतात, आणि अलीकडे मलाही तसं वाटू लागलं आहे.

तोवर माझी काळजी करू नका. मोबाइलमध्ये सगळ्या कामांचे गजर लावलेत, त्यामुळे दुकानात सारखी घंटी वाजते आणि गिऱ्हाइकांना वाटतं धंदा जोरात आहे. मोबाइलवर रविवारी आमच्यासारख्यांची एक मंडळी जमते, मराठी बोलणारी. अर्धे यायचं विसरतात आणि उरलेले एकदम बोलतात, पण बाहेर पडताना हलकं वाटतं. आणि यंत्र कुलपात असलं तरी इरफानच्या दुकानात मी मोडक्या कुकरच्या झाकणांवर छिन्नी-हातोडीने नावं टाकतो. तो शेजारी बसून शेगडी खोलतो, मी मजकूर मोठ्याने वाचतो, तो परत म्हणतो, मगच पहिला ठोका. अजून कुणी जिवंत माणूस गेलेला नाही.

मोठ्यांना धोक, छोट्यांना लाड. गुडघ्याला जपा.

तुमचा,
नमन

ता. क. गायत्री मॅडमचं लग्न झालेलं आहे. गोत्र विचारलेलं मात्र त्यांना फार आवडलं. येताना मुगाचे पापड आणा, त्यांनाही द्यायचे आहेत.

आणखी ता. क. पत्र बंद करून ठेवलं होतं, ते पुन्हा उघडलं. आज जेवताना बाबूजींनी आपणहून विचारलं, ती बाई विचारते तरी काय काय. मी आठवतील तसे सगळे प्रश्न म्हणून दाखवले. त्यांनी मधले दोन मला परत म्हणायला लावले. म्हणाले, हे तर तू नोजीचं सांगतो आहेस. मग बराच वेळ तुमचंच बोलत होते. तुम्हाला दळण आणायला पाठवलं की तुम्ही बाजारातून रिकाम्या हाताने आणि खुशीत परत यायचात. दादाजी तुम्हाला सगळ्यांसमोर भटकी म्हणायचे, बाबूजीही तेच म्हणायला शिकले, आणि ठिकाणावर येशील म्हणून तुमचं लग्न लवकर उरकलं. हात धुता धुता ते म्हणाले, "नोजी तुझ्यासाठी एवढं खोटं का बोलायची ते मला आत्ता कळलं. तिच्यासाठी खोटं बोलणारं घरात कुणी नव्हतं."

शेवटचं. बुधवारच्या पॅसेंजरने निघा. नंदुरबारला स्टेशनवर बाबूजी स्वतः उभे असतील, मी सोबत असेन, इरफान आम्हा दोघांवर नजर ठेवून असेल. मॅडमकडे मी दोन नंबर लावले आहेत. आधी माझ्याबद्दल खरं सांगायचं, मग तुमच्याबद्दल.