मेथी दुप्पट उपटली

जळोची, मंगळवार संध्याकाळ

आज नुसता वैताग. दुपारी सांगवीच्या शेतकरी तात्यांचा फोन आला. त्यांची भाजी विकायला मी केलेल्या वेबसाइटवर एकच ऑर्डर दोनदा पडली आणि त्यांनी दुप्पट मेथी उपटली. "पोरी, निम्मी मेथी हितं सुकतीया." आवाज शांत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ऑर्डरची चौकट उघडली, की बटणाला क्लिकवर ऑर्डर पाठवणारं फंक्शन दर वेळी नव्यानं जोडलं जातं. जुनं तसंच राहतं. म्हणून दोनदा. जुनं काढायला जेक्वेरी या तयार कोडसंचातली 'ऑफ' ही आज्ञा लिहिली, तरी निघेना. का? तासभर डोकं आपटलं. काढताना मी तसंच दुसरं फंक्शन लिहून देत होते. दिसायला तेच, पण जोडलेलं ते नव्हेच. चिडून बटणावरचं सगळंच काढलं, तर बटण दाबून काहीच होईना. शेवटी फंक्शनला नाव दिलं. त्याच नावानं आधी काढलं, मग जोडलं. आता एका क्लिकला एकच ऑर्डर.

एवढं साधं आधी का सुचू नये?

तात्यांना कळवलं, दुरुस्त झालं. "बरं झालं," ते म्हणाले. "पर उपटल्याली मेथी परत लावता येत न्हाय."

"उरलेली मेथी न्यायला येते, तात्या. इथं आमच्या सोसायटीत विकू," म्हटलं. गाडी काढते आता.